उतार

सरकारी नोकराच्या घरास स्वतःचे असे दोष नसतात. असतात ते पूर्वी तेथे राहून गेलेल्या अधिकाऱ्याचे, आणि त्यांची दुरुस्ती करावयाची असते ती नंतर येणाऱ्याने. मधला रहिवासी केवळ साक्षीदार. तेहतीस वर्षांच्या सेवेत मी अकरा घरे बदलली. गळके छप्पर, न मिटणारी खिडकी, रात्रभर ठिबकणारा नळ या सर्वांशी माझे संबंध सौजन्याचे, परंतु तात्पुरते राहिले. भिंतीत खिळा ठोकू लागलो तरी, बदलीचा हुकूम येताच तो उपटावा लागेल हा विचार हातोडीच्या आधी पुढे येई. आपणांपैकी पुष्कळांचा अनुभव याहून निराळा नसेल.

नवल असे की, आठ वर्षांपूर्वी जबलपूर येथे लहानसे का होईना, पण स्वतःचे घर घेतल्यावरही माझी ही सवय सुटली नाही. सेवानिवृत्त होताच ते विकून वाईस जावयाचे, हे गृहीतच होते. त्यामुळे न्हाणीघरात दाराजवळच्या कोपऱ्यात पाणी साचते हे पहिल्याच महिन्यात ध्यानात येऊनही, मी मनातल्या फायलीवर ‘पुढे पाहू’ असा शेरा मारला आणि फाईल बांधून ठेविली.

गेल्या वर्षी श्रावणात आई त्याच कोपऱ्यात घसरून पडली. तिचे वय त्र्याऐंशी. उजवे मनगट मोडले आणि सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला. तिला रुग्णालयातून घरी आणल्यावर पत्नीने न्हाणीघराच्या दाराआड खुंटीवर असलेले एक विटके फडके मला दाखविले. आई रोज आपले स्नान आटोपले की, वाकून त्या फडक्याने कोपऱ्यातले पाणी टिपून घेत असे. मागून येणाऱ्याचा पाय घसरू नये, एवढाच तिचा हेतू. मागून येणारा म्हणजे मी. आठ वर्षे मी कोरड्या जमिनीवर पाय ठेवीत होतो, आणि ती आपोआपच कोरडी होते अशा समजुतीत होतो.

गवंडी बोलाविता आला असता. पत्नीने तसे सुचविलेही. परंतु ते फडके पाहिल्यानंतर हे काम दुसऱ्याच्या हाती देणे मला जमेना.

दिवाळीनंतर मी कामास हात घातला आणि प्रथम जे केले ते सांगावयास संकोच वाटतो. बाजारात एक तयार मिश्रण मिळते. पाण्यात कालवून ओतले की ते स्वतःच पसरते व समतल होते. थापी नको, कसब नको. मला ते फारच पसंत पडले. रविवारी सकाळी मी ते जुन्या फरशीवर ओतले. दुसऱ्या दिवशी पाणसळ ठेवून पाहिली, तो बुडबुडा चारही दिशांना अगदी मधोमध! त्या दिवशी कार्यालयात मी जरा ताठ मानेनेच वावरलो. चार दिवसांनी भीत भीत दोन तांबे पाणी ओतले. ते कोठेच गेले नाही. जे मिश्रण पाण्याप्रमाणे आपली पातळी शोधते, त्याच्यावर पाणी तरी दुसरीकडे कशाला जाईल?

गळ्यात हात बांधलेली आई दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, “अरे, पूर्वी पाणी एका कोपऱ्यात असायचं, आता सगळीकडे झालं. बढती दिलीस की त्याला!”

शेजारी एका घराचे बांधकाम चालू होते. तेथील वृद्ध मिस्त्री संध्याकाळी येऊन माझी कृती पाहून गेला. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. एवढेच म्हणाला, “साहब, बैठक में लेवल देखते हैं, गुसलखाने में ढाल।” आपल्या भाषेत ढाल ही वार झेलण्यापुरती, हिंदीत तोच शब्द उतारासही चालतो. त्याने हातोडीच्या दांड्याने फरशीवर ठिकठिकाणी ठोकले. जाळीजवळ आवाज भरीव आला, कोपऱ्यात मडक्यासारखा पोकळ. रोग वर नव्हता, खाली होता.

जाताना त्याने मला एक पारदर्शक नळी दिली. पाणसळीहून जुने आणि तिच्याइतकेच खरे असे हे साधन. नळीत पाणी भरावे, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, आणि दोन्ही टोके भिंतींशी धरावी. टोके कितीही दूर असोत, पाण्याची पातळी दोन्हीकडे एकच. या नळीने उंबरठ्यापासून एक मीटर उंचीवर मी चारही भिंतींना पेन्सिलीची एकच सलग रेघ आखली. त्या रेघेपासून खाली मोजू लागलो. जाळीपाशी १०१.५ सेंटीमीटर, दाराजवळच्या कोपऱ्यात १०२.६. म्हणजे ज्या जाळीने पाणी न्यावयाचे, ती कोपऱ्याहून ११ मिलिमीटर उंच होती! उतार किती द्यावयाचा हे ठरविण्यासाठी आधी समपातळी कोणती हे ठाऊक असावे लागते, हे मला त्या रेघेने शिकविले. माझ्या पहिल्या प्रयत्नातील पाणसळ खोटी नव्हती. तिला मी विचारलेला प्रश्न चुकीचा होता.

मग तीन रविवार छिन्नी आणि हातोडा. माझे मिश्रण, जुन्या फरश्या, त्याखालचा कोबा, सारे निघाले. एकोणसाठाव्या वर्षी हाताला फोड येणे यातही एक प्रकारचे समाधान असते. कोपऱ्यातील कोब्याखाली दोन बोटे पोकळी होती. घर बांधतेवेळी भराव नीट चोपलेला नसावा. तो खचला आणि कोबा त्याच्यामागून वाकला. त्याखाली लागली ती काळी माती. पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी, आपल्या देशावरच्या शेतांतील तीच माती. सह्याद्री ज्या लाव्हाच्या थरांचा बनला, त्या थरांची ईशान्येकडील कड जबलपूर-मंडल्यापर्यंत येते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ती एकच भूमी. वाईच्या घरातील मोरीचा काळा दगड आणि माझ्या छिन्नीखालची ही माती एका कुळातली होती, आणि मी मात्र आठ वर्षे येथे परका म्हणून राहत होतो.

मूठभर माती आईला नेऊन दाखविली. तिने डाव्या हाताच्या बोटांनी ती चुरून पाहिली. “ज्वारीची आहे,” म्हणाली.

वाळू आणि मुरूम घालून, पाणी मारून, धुम्मस करून मी भराव पक्का केला. जाळीखालील नळीचे तोंड कापून खाली घेतले. मग एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग बारीक खडी. एवढ्याशा जागेला एक पोतेही पुरून उरले. दारापासून जाळीपर्यंतचे अंतर १.८ मीटर. साठास एक या प्रमाणाने उतार ३ सेंटीमीटर. दाराशी रेघेपासून १०२, जाळीशी १०५. डोळ्यांना हा उतार जाणवत नाही, पायांनाही जाणवू नये. तो कळावा केवळ पाण्याला. मिस्त्री येऊन दारात बसला. माझ्या हातातली पट्टी त्याने एकदाच घेतली, दोनदा फिरविली आणि परत दिली.

पुढचा आठवडा ओल्या गोणपाटाचा. सिमेंट वाळून घट्ट होते, अशी माझी जन्मभराची समजूत. वस्तुतः ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. लवकर वाळले तर कच्चेच राहते. अठ्ठावीस दिवसांनी त्याचे बळ भरते. तोवर आमची स्नाने मागील अंगणात, पत्र्याच्या आडोशाला झाली. शेवटी मी लहान, खरबरीत फरश्या बसविल्या. मोठी फरशी उतार अंगी लावून घेत नाही.

आईचे मनगट आता बरे आहे, परंतु वाकडे राहिले. भरला तांब्या उजव्या हाताने तिला उचलत नाही. माझ्या कोब्याने ते मनगट सरळ होणार नव्हते, हे मला काम करतानाही ठाऊक होते. पहिल्या दिवशी स्नान करून ती बाहेर आली, पुन्हा आत वळली आणि कोपऱ्यात पाऊल ठेवून पाहिले. पाऊल कोरडे. सवयीने हात खुंटीकडे गेला होता. तो तसाच मागे आला. फडके अद्याप तेथेच आहे. काढावे असे कोणी म्हणाले नाही.

त्याच आठवड्यात निवृत्तिवेतनाचे कागद भरावयास घेतले. ‘सेवानिवृत्तीनंतरचा पत्ता’ हा रकाना मी दोन महिने कोरा ठेविला होता. आईला म्हणालो, “वाईचा लिहू ना?”

ती तांदूळ निवडीत होती, डाव्या हाताने. बराच वेळ काही बोलली नाही. मग मान वर न करता म्हणाली, “इथला पिनकोड तुला पाठ आहे का रे?”

पाठ नव्हता. मी उठून विजेचे बिल शोधू लागलो.