गणिताऐवजी भूगोल

परवा संध्याकाळी लक्ष्मीनगरमधून घरी परतत होतो. आमच्या गल्लीतली एक मुलगी आईला घेऊन दारात उभी. दहावीला ८४ टक्के. वडील रिक्षा चालवतात, आई कल्याणीनगरमध्ये घरकामाला जाते. आई म्हणाली, "भाऊ, तुम्ही पेपरवाले, तुम्हाला म्हाईत असतं. हिला दाताची डॉक्टर व्हायचंय. कॉलेजात विचारतायत गणित ठेवायचं का भूगोल. उद्या सांगायचंय."

उद्या! दोन वर्षांचा, खरं तर पुढच्या आयुष्याचा निर्णय, आणि मुदत एका रात्रीची.

मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण तीन वर्षांपूर्वी असंच एक उत्तर मी चटकन दिलं होतं. माझ्या मावसभावाच्या मुलाला. "नीटला गणित नाही ना? मग टाक सोडून. डोक्याचा ताप कशाला?" पोरगं ऐकणारं. गणित सोडलं, भूगोल घेतला. नीटमध्ये मार्क कमी पडले. खासगी कॉलेजची फी लाखांत, ती घरात कुणाला झेपणार? मग तो म्हणाला, इंजिनीअरिंग करतो. तिथे गणित लागतं. शेवटी त्याने बोर्डात 'तुरळक विषय' म्हणून गणिताचा पेपर दिला. सुटला, पण एक वर्ष गेलं. तो मला कधी काही बोलला नाही. ते न बोलणंच जास्त लागतं.

म्हणून या वेळी वही काढली आणि तिघं बसलो. जे मांडलं ते इथेही लिहितो. अशी दारात उभी राहणारी पोरं तुमच्याही गल्लीत असतील.

पहिली गोष्ट नियमाची. बीडीएसला प्रवेश नीटवरून. नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० मार्क. ४५ फिजिक्स, ४५ केमिस्ट्री, ९० बायोलॉजी. बरोबर उत्तराला ४, चुकलं तर १ वजा. गणिताचा पेपर नाही. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं. म्हणजे दाताच्या डॉक्टरकीसाठी बारावीचं गणित लागत नाही, हे खरं आहे.

दुसरी गोष्ट, गणित सोडलं म्हणून ओझं तेवढ्याने उतरत नाही. बोर्डाला सहा विषय द्यावेच लागतात. इंग्रजी, एक भाषा, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि सहावा. तो सहावा गणित किंवा भूगोल किंवा कॉलेजात असेल तो. भूगोल हलका पडतो म्हणून पोरं घेतात, त्यात काही गैर नाही. वाचलेले तास बायोलॉजीला जातात. पण ते तास खरंच तिकडे गेले तर!

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही. गणित विषय सुटला तरी गणित सुटत नाही. अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात दुसरंच प्रकरण गणिती पद्धतींचं आहे. व्हेक्टर, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन. केमिस्ट्रीत पीएच काढायचा तर लॉग. बोर्डाच्या परीक्षेत लॉग टेबल वापरता येतं, नीटमध्ये तेही नाही आणि कॅल्क्युलेटरही नाही. गणित सोडलेली मुलं नीटच्या फिजिक्समध्ये अडकतात ती बऱ्याचदा इथे. तत्त्व कळलेलं असतं, आकडेमोडीत हात थांबतो.

आणि पुढे? दात काढण्याआधी भूल देतात. दोन टक्के लिग्नोकेन म्हणजे एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध. जास्तीत जास्त किती द्यायचं ते पेशंटच्या वजनावर. समोर १५ किलोचं पोर असेल तर हा हिशोब चुकून चालत नाही. हे सातवी-आठवीचंच गणित आहे, टक्केवारी आणि गुणोत्तर. पण ते पक्कं हवं.

मग मी तिला विचारलं, "बेटा, नीटमध्ये नाही झालं तर काय करशील?"

आई चपापली. शुभ बोल नाऱ्या म्हणतात तसं तिचं तोंड झालं. पण हाच प्रश्न मी त्या पोराला विचारला नव्हता. सरकारी दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर, संभाजीनगर अशा मोजक्या ठिकाणी. जागा थोड्या, रांग मोठी. दुसरा रस्ता आधी ठरवणं म्हणजे अपशकुन नाही.

मुलगी म्हणाली, "नर्सिंग. नाहीतर फार्मसी. काका, मला इंजिनीअर नाही व्हायचं. मला माणसांत काम करायचंय."

इथे गाठ सुटली. नर्सिंगला बायोलॉजी लागते. बी. फार्मसीला गणित किंवा बायोलॉजी, दोन्हींतलं एक चालतं. सीईटीतही पीसीबी ग्रुप वेगळा आहेच. तिच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दारालाही बारावीच्या गणिताची कुलूपकिल्ली नाही. "माहीत नाही" म्हणाली असती किंवा "कॉम्प्युटर" म्हणाली असती, तर मी गणित ठेव म्हणून हट्ट धरला असता. कष्ट पडतील, पण दार उघडं राहील.

सकाळी तिने भूगोल लिहून दिला. निर्णय तिचा. पण एक कबूल करून घेतलं, लॉग, व्हेक्टर आणि ग्राफ एवढं ती वेगळं शिकणार. शिकवणार कोण, हा प्रश्न माझ्यावर आला. मी स्वतः अकरावीतच गणिताला रामराम ठोकलेला माणूस. आजही महापालिकेचं बजेट आलं की टक्केवारीसाठी शेजारच्या सीएला फोन लावतो.

आता मुद्द्याचं बोलतो. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. चांगलंच झालं. पण त्या फॉर्ममध्ये मूल शाखा निवडतं, सायन्स, कॉमर्स, आर्ट्‌स. विषय ठरतात नंतर, कॉलेजच्या खिडकीवर. मागे रांग, आत घाईतला क्लार्क, "पीसीबी की पीसीएमबी, लवकर सांगा." ज्यांच्या घरात डॉक्टर-इंजिनीअर आहेत ते घरून ठरवून येतात. ज्यांच्या घरात पहिलंच मूल अकरावीला जातंय, ते मागच्या मुलाने काय लिहिलं ते बघून लिहितात. नाहीतर क्लासवाला सांगेल ते. आणि क्लासवाला त्याच्या बॅचच्या सोयीचं सांगणार.

मागणी मोठी नाही. प्रत्येक कॉलेजने खिडकीशेजारी मराठीत एक कागद लावावा. कोणता विषय सोडला तर कोणतं दार बंद होतं, एवढंच. आणि विषय लिहून द्यायला निदान आठवडा द्यावा. याला ना बजेट लागतं ना जीआर.

दुसरं तुम्हा-आम्हाला. येरवड्यात निवृत्त शिक्षक आहेत. पूल ओलांडायच्या आत शेकडो इंजिनीअर आयटीत बसलेत. रविवारचे दोन तास, आठ रविवार, लॉग-व्हेक्टर-ग्राफ. जागेचं मी बघतो, फळा-खडूही आणतो. शिकवणारं कुणी असेल तर मला मेसेज करा. पहिली विद्यार्थिनी ठरलेली आहे.

दुसरा मीच. मागच्या बाकावर बसेन.