अर्धी मात्रा

शिलाँगच्या पोस्टिंगला माझ्या खोलीच्या खिडकीत बेगोनियाची कुंडी होती. चंदेरी पानांची रेक्स, मूळची ईशान्येकडचीच. रजेवरून परतल्यावर मी कौतुकाने तिला दुप्पट मोठ्या कुंडीत हलवलं, मूठभर खत घातलं, रोज पाणी. महिन्याभरात पानांच्या कडा करपल्या, देठ मऊ पडले.

युनिटच्या खासी माळ्याने रोप उपसून दाखवलं. मुळं बारीक, वरवरची. मोठ्या कुंडीतली माती वाळत नाही, मग ती कुजतात. कुजकी कापून त्याने रोप पालापाचोळ्याच्या खतात वाळू मिसळून पुन्हा छोट्या कुंडीत लावलं. त्याचा हिशेब साधा : खत अर्ध्या मात्रेत, पंधरा दिवसांनी, तेही ओल्या मातीत, थंडीत बंद. मुळांनी कुंडी भरली तरच बदलायची, आणि एकाच मापाने मोठी.

त्या रात्री पोराची आठवण आली. साठ दिवसांच्या रजेत मी वर्षभराचा बाप व्हायला बघायचो. अभ्यास, पळणं, शिस्त, सगळं एकदम. हल्ली तो फोनवर येईनासा झाला होता.

पुढच्या रजेत पहिल्या दिवशी त्याला एवढंच म्हणालो, "चल, विहिरीवर पोहायला जाऊ."