साडेबारातले पावणेनऊ

न्हावा शेवा बंदराच्या पाठीमागे, नवी मुंबईच्या द्रोणागिरी नोडमध्ये उभ्या राहणाऱ्या अरुंद इमारतींना सगळेच नावं ठेवतात. काळोखा जिना, शेजारच्या ग्रिलला टेकलेली खिडकी, खांबांत अडकलेलं पार्किंग. खापर आर्किटेक्टवर फुटतं, नाहीतर बिल्डरवर. अशा भूखंडांवर नकाशे काढणाऱ्या मला हे अजून खुपतं, कारण या इमारतींचा घाट आमच्या टेबलावर कागद येण्याआधीच ठरलेला असतो. हिशोबच करून बघा. जानेवारी 1984 मध्ये इथल्या भूसंपादनाविरुद्ध शेतकऱ्यांचं, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचं आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्यातून पुढे, गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मालकाला परत देण्याची योजना आली. पण त्यातले पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी कापले जातात. हातात पडतात पावणेनऊ. दहा गुंठ्यांचं भातखाचर गेलं असेल तर जेमतेम 88 चौरस मीटर, म्हणजे समजा 8 बाय 11 मीटर. दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर सोडलं की रुंदी उरली पाच. त्यात जिना, लिफ्ट, डक्ट. खाली दोन गाड्या शेजारी लावायच्या तर पाचच्या पाच मीटर लागतात, आणि खांबही तिथेच यायचे! शिवाय जमीन खाडीची, वर मुरुमाचा भराव. मऊ चिखलातून पाइल खडकापर्यंत न्यावेच लागतात. पाइलिंगचं यंत्र आणायचा खर्च भूखंड लहान म्हणून कमी होत नाही.

कुणी म्हणेल, शाळा-मैदानांना जागा नको का? हवीच. पण ती नोडमधल्या सगळ्यांच्या वापराची; तिचा भार आधीच जमीन दिलेल्याच्या तुकड्यातून का वजा व्हावा? दुसरा आक्षेप असा की भूखंड एकत्र करा, प्रश्न मिटेल. नियमाने करता येतात, पण सोडतीत एकाच भावकीचे तुकडे वेगवेगळ्या सेक्टरांत गेले तर जोडायचं काय? मग बिल्डरशी करार होतो, निम्मं क्षेत्र त्याचं होतं, उरलेलं चार भावांत. तिसरा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. राज्यातल्या कितीतरी धरणग्रस्तांना एवढंही मिळालं नाही, आणि पावणेनऊ टक्क्यांमुळेच इथल्या अनेकांच्या डोक्यावर स्लॅब आला. एवढी चिडचिड करूनही ही योजना नसती तर बरं, असं मी म्हणणार नाही.

तरी बंदर 1989 मध्ये सुरू झालं आणि बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्क्यांची पत्रं 2014 मध्ये वाटली गेली, हे विसरता येत नाही. दरम्यान एका सातबाऱ्यावरचे वारस किती वाढले असतील! म्हणून नियोजन करणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: उरलेलं वाटप करताना भावकीला एकमेकांना लागून भूखंड द्या आणि मधली भिंत सामाईक बांधायची मुभा द्या. त्या दीड-दीड मीटरच्या बोळांत ना उजेड येतो ना वारा.