खोली मोजा, मग लेन्स घ्या

मुलाने किंवा मुलीने कॅमेरा मागितला की कष्टकरी घरात पहिला प्रश्न पैशाचा येतो. तो यायलाच हवा. पण फोटो काढायचे कुठे, हा दुसरा प्रश्न कोणी विचारीत नाही. दुकानदार तर मुळीच नाही.

आमच्या थोरलीला बारावीनंतर बारशा-लग्नाचे फोटो काढून शिकता शिकता चार पैसे मिळवायचे होते. भिशीचे ३५ हजार हाती होते, तेवढेच. दुकानदाराने नवा कॅमेरा आणि दोन लेन्स दाखवल्या, एक १८-५५ मि.मी., दुसरी ७०-३०० मि.मी. "लांबचे पक्षीसुद्धा येतील," म्हणाला. आमच्या चाळीत लांबचे म्हणजे समोरच्या गॅलरीतले बिऱ्हाड! मोठी लेन्स म्हणजे चांगली लेन्स, हा समज आधी काढून टाकावा.

आपल्या घरांत अडते ते उजेडापाशी. लेन्सवर एफचा आकडा असतो. आकडा जितका लहान, तितके तिचे तोंड मोठे आणि प्रकाश जास्त. १८-५५ची लेन्स ३५ मि.मी.वर साधारण एफ ४.५पर्यंतच उघडते. ३५ मि.मी.ची साधी, झूम नसलेली लेन्स एफ १.८पर्यंत उघडते, म्हणजे सहापट उजेड घेते. ट्यूबलाइटखाली जिथे सेकंदाचा विसावा भाग शटर उघडे ठेवावे लागते, तिथे सव्वाशेवा भाग पुरतो. पहिल्यात पाळण्यातले पोर हलले की फोटो गेलाच, दुसऱ्यात बहुधा वाचतो.

जाणकार नवशिक्याला ५० मि.मी. घे म्हणतात. तीही उजेडाला चांगली आणि स्वस्त. पण आमची खोली दहा बाय बाराची. आम्ही टेप घेऊन हिशोब केला. स्वस्त कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असतो. त्यावर ५० मि.मी.ने दहा फुटांवरून पावणेपाच फूट रुंदी मावते, ३५ने पावणेसात, १८ने तेरा. ५० घेतली असती तर प्रत्येक फोटोला थोरलीला दाराबाहेर जिन्यात उभे राहावे लागले असते. म्हणून ३५. १८-५५ मात्र टाकाऊ समजू नये, सगळे कुटुंब एका फोटोत घ्यायला तीच लागते. फक्त कडेची माणसे ताणल्यासारखी दिसतात, तिथे जाड माणसाला उभे करू नये!

म्हणून नवा संच सोडून आम्ही मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारातून जुना निकॉन डी ३५०० घेतला. त्याची निर्मिती आता थांबली आहे, पण शिकायला तो भरपूर आहे. जुने घेताना थोडे चिवट व्हावे. शटर किती वेळा उघडले तो आकडा फोटोच्या फाइलमध्ये नोंदलेला असतो, तो काढून दाखवा म्हणावे. या कॅमेऱ्याच्या शटरची चाचणी एक लाखापर्यंतची आहे. लेन्समधून मोबाईलची बॅटरी मारून आरपार पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, तिथेच परत करावी. निकॉनच्या या स्वस्त कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. त्यामुळे 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' लिहिलेली लेन्सच घ्यावी, जुन्या 'एएफ-डी' लेन्सचा फोकस हाताने फिरवावा लागतो. पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या पिशवीत ठेवू नये. आम्ही घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो.

आईचा, म्हणजे थोरलीच्या आजीचा, चेहरा आजवर फक्त आधार कार्डावर होता, तोही ओळखू न येणारा. थोरलीने तिला दुपारी खिडकीपाशी तांदूळ निवडायला बसवले आणि सहा फुटांवरून फोटो काढला. फ्लॅश नाही, काही नाही. गालावरचे गोंदण स्पष्ट आले. आईने मोबाईलवर तो बराच वेळ पाहिला, मग म्हणाली, "मोठा करून आणा. हार घालायला नको, मला बघायला."

१२ बाय १८चा करून आणला आहे. फ्रेम पुढच्या पगाराला.