बॉडी बदलायची, पण कुठली?

कॅमेऱ्याची बॉडी बदलायचं एकदा मनात आलं, की माणूस कामातून गेला म्हणून समजा. एका खिडकीत ऑफिसचा कोड आणि शेजारच्या खिडकीत कॅमेऱ्यांचे तुलनातक्ते, असं माझं गेले दोन महिने चाललंय. मेगापिक्सेल, आयएसओ, सेकंदाला किती फ्रेम... सगळं पाठ झालं. निर्णय मात्र शून्य.

शेवटी म्हटलं, आपण सॉफ्टवेअरवाले. सिस्टीम बदलायच्या आधी जुनीचे लॉग वाचतो ना? मग कॅमेऱ्याचेही वाचू.

माझ्याकडे निकॉन डी५३०० आहे. २०१३ सालचं मॉडेल, डीएक्स म्हणजे लहान सेन्सरचं, आणि त्यावर १८-५५ची किट लेन्स. दिवसाउजेडी काही तक्रार नाही. रडगाणं आहे ते रात्रीचं, आणि माझ्यासाठी रात्र म्हणजे दशावतार. कुडाळजवळ आमचं आजोळ, तिथल्या जत्रेत रात्रभर नाटक चालतं. माझा मामा त्यात स्त्रीपात्र करतो. (ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: दशावतारात बायकांची कामंही पुरुषच करतात, संवाद नट ऐनवेळी स्वतःच रचतात, आणि साधं बाकडं हेच राजाचं सिंहासन.) मामा आता साठीला आलाय, गुडघे कुरकुरतात. येत्या कार्तिकापासूनचा हंगाम शेवटचा, असं त्याने जाहीर केलंय. आई म्हणते, तो दरवर्षी हेच म्हणतो. पण यंदा त्याने आपल्या ठेवणीतल्या नऊवारी कंपनीतल्या एका पोराला देऊन टाकल्या. तेव्हा हे प्रकरण खरं दिसतंय.

तर लॉग. मागच्या दोन जत्रांचे १,१४० फोटो घेतले, छोटीशी स्क्रिप्ट लिहिली आणि प्रत्येक फोटोतली एक्झिफ माहिती तक्त्यात ओतली. जवळजवळ सगळे ५५ मिमीला, एफ/५.६, आयएसओ ६४००, १/६० सेकंद. मग नापास फोटोंतले शंभर उचलले (मी काहीच डिलीट करत नाही, ही एक वेगळीच सवय) आणि प्रत्येकापुढे नापासाचं कारण लिहिलं. ६१ फोटोंत नट हलल्यामुळे फराटे. २२ मध्ये फोकस चुकून मागच्या पडद्यावर. उरलेले किरकोळ. माझा हात हलल्यामुळे गेलेले फक्त ३!

या एका तक्त्याने अर्धी यादी कापली. पहिला उमेदवार होता जुना निकॉन झेड६. २०१८ सालचा मिररलेस, फुलफ्रेम, आणि सेन्सरच हलवून हाताची थरथर मारणारा. पण माझी थरथर फक्त ३ टक्के. समोरचा महिषासुर बाकड्यावरून उडी मारतो, त्याला सेन्सर काय करणार? तिथे शटरच वेगवान हवं. १/६० नाही, किमान १/२५०. म्हणजे चौपट उजेड आणायचा कुठून?

फुलफ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ डीएक्सच्या साधारण २.३ पट. म्हणजे नुसती बॉडी बदलून सव्वा स्टॉपच्या आसपास फायदा. लेन्स एफ/५.६ वरून एफ/२ वर नेली तर तीन स्टॉप, म्हणजे आठपट! त्यात १/२५० मिळून वर आयएसओ ३२०० वर येतो. थोडक्यात खरी मारामारी लेन्सची आहे. आणि तशी लेन्स घरात कपाटात पडून आहे. बाबांनी फिल्मच्या जमान्यात घेतलेली ८५ मिमी, एफ/१.८ डी.

तुम्ही म्हणाल, मग लाव की तीच! तिथेच तर घोडं पेंड खातं. या डी लेन्समध्ये फोकसची मोटर नसते. बॉडीत मोटर असते आणि माउंटमधून बाहेर आलेला इवलासा स्क्रूड्रायव्हर लेन्सचं चक्र फिरवतो. डी५३०० मध्ये ती मोटर नाही. हाताने फोकस करावा, तर पाच मीटरवरून एफ/२ ला फोकसमध्ये राहणारी जागा जेमतेम हातभर. नाचणारा माणूस तेवढ्यात थांबतो होय?

दुसरा उमेदवार झेड५०-टू. २०२४ चा, हलका, चेहरा आणि डोळे ओळखून फोकस करणारा. मनापासून आवडला. पण निकॉनचं एफ माउंट १९५९ पासूनचं, त्यात लेन्स आणि सेन्सरमध्ये ४६.५ मिमी अंतर. नव्या झेड माउंटमध्ये फक्त १६. मधले ३०.५ मिमी भरायला एफटीझेड नावाचं अडॅप्टर मिळतं, पण मोटर त्यातही नाही. म्हणजे बाबांची लेन्स तिथेही मुकी. नवी ८५ घ्यायची तर माझं सत्तर हजारांचं बजेट पार झोपतं.

उरला डी७५०. २०१४ चा फुलफ्रेम डीएसएलआर, अंमळ जड, पण आत मोटर शाबूत. आणि गंमत बघा: डीएक्सवरचं माझं ५५ मिमी गुणिले १.५ म्हणजे ८२.५. म्हणजे सतरंजीवरच्या माझ्या नेहमीच्या जागेवरून ८५ फुलफ्रेमवर जवळपास तीच चौकट देते!

याला भविष्य नाही, हे मान्य. निकॉनचे शेवटचे डीएसएलआर २०२० मध्ये आले. मित्र म्हणतो, मेलेल्या माउंटमध्ये पैसे घालतोस. बरोबर आहे त्याचं, पुढची दहा वर्षं धरली तर. माझ्या हिशेबात मात्र एकच हंगाम आहे. मामाला फोनवर हे सगळं पुराण ऐकवलं, तर तो म्हणाला, "कॅमेरो खंयचोय असांदे, पण माझां तोंड दिसाक व्हया." तीन ओळींत रिक्वायरमेंट देणारा क्लायंट मला अजून भेटला नाही, यानं एकाच ओळीत दिली :)

तर ठरलं. जुना डी७५०. त्याचं शटर दीड लाख क्लिकसाठी तपासलेलं असतं, तेव्हा पन्नास हजारांच्या आत क्लिक झालेला नग शोधायचा आणि विकणाऱ्यासमोरच बाबांची लेन्स लावून फोकस पळतो का बघायचं. उरलेले पैसे कुडाळच्या फेऱ्यांना. एका रात्रीत सगळं मिळणार नाही, चार तरी जत्रा गाठायला हव्यात.

असो. बॉडीचा प्रश्न सुटला. आता मॅनेजरकडे कार्तिकातली रजा मागायचीय, आणि तिथे कुठलाही तुलनातक्ता चालत नाही.