शकुंतलेसाठी जागा

१६ नोव्हेंबर
नाव वेगळं, जागा वेगळी. साइटचं नाव म्हणजे डोमेन एका कंपनीकडून आणि तिची जागा म्हणजे होस्टिंग दुसरीकडून घेतलं तरी चालतं. विकणारे दोन्ही मिळून एकच आकडा सांगतात, म्हणून नवख्या माणसाला ते एकच वाटतं.

१८ नोव्हेंबर
शकुंतला, आमची छोटी रेल्वेगाडी, तिच्या आठवणी म्हणून काय काय जमलंय ते टेबलावर मांडलं. जाड पुठ्ठ्याची तिकिटं. अल्बममधून सोडवलेले फोटो, मागे वाळलेला डिंक. पथ्रोट, अंजनगाव, दर्यापूरकडच्या जुन्या माणसांची मोबाइलवर केलेली रेकॉर्डिंगं. एका स्मरणिकेसाठी टाइप झालेला आणि कधीच न छापलेला मजकूर, सीडीवर.

अचलपूर ते मूर्तिजापूर ७६ किलोमीटर. रुळांतलं अंतर अडीच फूट. गाडी बंद झाली त्यालाही आता वर्षं झाली. नववीच्या वर्गात विचारलं, शकुंतला कोणी पाहिली? एकही हात वर नाही.

कपाटात ठेवलं तर वाळवी. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं तर दोन दिवसांत वर सरकून दिसेनासं होतं. साइटच हवी.

२० नोव्हेंबर
अमरावतीच्या एका डिझायनरशी फोन. डोमेन, होस्टिंग, साइट, सगळं मिळून बारा हजार, पहिल्या वर्षाचे. विचारलं, डोमेन कोणाच्या नावावर राहणार?
"आमच्याच खात्यात असते मॅडम. तुमच्यासाठी सोयीचं पडते."
विचार करून कळवते म्हटलं.

२१ नोव्हेंबर
कळवणार नाही. आपल्या भागातल्या एका संस्थेची साइट होती, मेहनतीने केलेली. करून देणारा माणूस गाव सोडून गेला, डोमेनची मुदत संपल्याची सूचना त्याच्याच मेलवर गेली असणार. नाव सुटलं. आज तो पत्ता उघडला की पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात येते. संस्थेचं नाव तसंच वर.

वेबॅक मशीनवर, जिथे जुन्या साइटींच्या प्रती राहतात, शोधलं. मुखपृष्ठ सापडलं, दोन-चार पानं सापडली. फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी.

२२ नोव्हेंबर
शकुंतलेचे रूळ किलिक निक्सन या मूळच्या ब्रिटिश फर्मच्या कंपनीचे, त्यावर गाडी चालवायची रेल्वेने. १९५२ नंतरही, रेल्वे सरकारी झाल्यावरही, ते तसंच राहिलं. दर काही वर्षांनी करार, पुन्हा बोलणी, आणि रूळ दुरुस्त करणं कोणालाच नको. साइटचं असं होता कामा नये. डोमेन माझ्या नावावर, माझ्या मेलवर, माझ्या कार्डाने. जागा भाड्याची असू दे. नाव हातात असेल तर जागा केव्हाही बदलता येते.

२३ नोव्हेंबर
डोमेन घेतलं. डॉट इन.

डॉट भारत फार मनात होतं. २०१४ पासून देवनागरीत नाव मिळतं. पण पुण्याच्या भाच्याने दाखवलं: काही ठिकाणी चिकटवलं की पत्त्याचं रूप बदलतं, 'एक्सएन'ने सुरू होणारी अगम्य रोमन अक्षरं दिसतात. अंजनगावच्या आजोबांना असा दुवा गेला तर ते फसवणूक समजून उघडणारच नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल. मराठीतल्या साइटला मराठीत पत्ता नाही, याचं वाईट वाटतं. पुढे देवनागरी नावही घेईन, तिथून इकडे वळवेन.

२५ नोव्हेंबर
"महिना ६९ रुपये." होस्टिंगच्या जाहिरातीत, मोठ्या अक्षरात. खाली बारीक: चार वर्षांचे एकदम भरल्यास. त्याहून बारीक: नूतनीकरण चालू दराने. चालू दर शोधायला तीन पानं उलटावी लागली, तो तिपटीहून जास्त. वर १८ टक्के जीएसटी.

वहीत आता पहिल्या वर्षाचा दर लिहीतच नाही. फक्त दुसऱ्या वर्षाचा.

२६ नोव्हेंबर
सगळीकडे "अमर्याद जागा". मला लागणार किती?

देवनागरीचं एक अक्षर, मात्रा, वेलांटी, प्रत्येकाला ३ बाइट. २,००० चिन्हांचं भरगच्च पान म्हणजे ६ केबी. माझ्या मोबाइलचा एक फोटो ४ एमबी. एका फोटोच्या जागेत साडेसहाशे पानं मावतात. म्हणजे मजकुराची काळजीच नाही, आवरायचे ते फोटो. रुंदी १,६०० पिक्सेलवर आणली की फोटो साधारण ३०० केबीत बसतो. असे ४०० फोटो, १२० एमबी.

सहा फोटोंचं पान दोन एमबी धरू. महिन्याला हजार वेळा उघडलं तर २ जीबी वाहतूक. सगळ्यात लहान प्लॅनलाही हे जड नाही. "अमर्याद"च्या अटींमध्ये फायलींच्या संख्येवर मर्यादा आहेच, ती वाचली. पुरते.

रेकॉर्डिंगं इंटरनेट आर्काइव्हवर ठेवायची, साइटवर दुवा. एक तासाचं बोलणं ६४ केबीपीएसने २८-२९ एमबी. तिथे फुकट राहतं.

२७ नोव्हेंबर
दिवसभर लाइट ये-जा. पेपर तपासले.

२९ नोव्हेंबर
भाच्याचा आग्रह: मावशी, साधी एचटीएमएल पानं कर, गिटहबवर फुकट ठेव. डेटाबेस नाही, फोडायला काही नाही. त्याचं खरं आहे. १ जीबीपर्यंतची साइट, महिना १०० जीबी वाहतूक, एक पैसा नाही. एखाद्याला चार पानांची ओळख टाकायची असेल तर मीही हेच सुचवेन.

पण मला दर आठवड्याला नवी आठवण चढवायची आहे, रात्री जेवणं आटोपल्यावर, पुण्याला फोन न लावता. उद्या शाळेतली दुसरी कोणी बाई हे पुढे नेईल, तिलाही जमलं पाहिजे. म्हणून वर्डप्रेस. २००३ पासून आहे, जगातल्या दहातल्या चार साइटी त्यावर चालतात, अडलं तर सांगणारं माणूस अमरावतीतही मिळेल. त्याला पीएचपी आणि डेटाबेस चालवणारी जागा लागते. साधं शेअर्ड होस्टिंग बस्स. एका सर्व्हरवर शेकडो साइटी, त्यात आपली एक. कंपन्या व्हीपीएस, म्हणजे सर्व्हरचा स्वतंत्र भाग, विकायला बघत होत्या, तो आत्ता कशाला? तो सांभाळायला रोजचा माणूस लागतो.

आणि फुकट जागेचा मालक उठून गेला तर? जिओसिटीज, अशीच एक फुकट जागा, याहूने २६ ऑक्टोबर २००९ ला बंद केली. लोकांची लाखो घरगुती पानं होती तिच्यावर.

१ डिसेंबर
सर्व्हर मुंबईत की अमेरिकेत? भूगोलाच्या बाईला हा प्रश्न आवडला.

काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई–न्यूयॉर्क साडेबारा हजार. जाऊन-येऊन पंचवीस. म्हणजे एका खेपेला सेकंदाचा आठवा भाग, तोही तार सरळ असती तर. पान उघडायच्या आधी अशा कितीतरी खेपा होतात. माझे वाचणारे दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, पुण्या-मुंबईला गेलेली पोरं. मुंबईच.

या लायनीने कापूसही मुंबईलाच जायचा. तिथून मँचेस्टरला. आणि गाडी ओढणारं इंजिन १९२१ साली मँचेस्टरलाच घडलेलं.

३ डिसेंबर
तीन कंपन्यांना चॅटवर तेच चार प्रश्न, रात्री साडेदहाला. सर्व्हर मुंबईत आहे का? दुसऱ्या वर्षी किती? बॅकअप कुठे ठेवता? सोडून जायचं झालं तर सगळ्या फायली आणि डेटाबेस मला उतरवून घेता येईल का?

एकाने उत्तराऐवजी सवलतीचं कूपन पाठवलं. एकाने सकाळपर्यंत काहीच नाही. तिसऱ्याने चारही उत्तरं दिली, त्यातलं एक "त्याच डेटा सेंटरमध्ये", जे मला आवडलं नाही. पण लपवलं नाही.

तिसरा.

४ डिसेंबर
कंपनी म्हणते, सर्व्हर ९९.९ टक्के वेळ चालू. वर्षाचे ८,७६० तास. उरलेला एक दशांश टक्का म्हणजे पावणेनऊ तास. आमच्या विजेच्या फीडरवर तेवढे तास एका आठवड्यात जातात.

५ डिसेंबर
पैसे भरले. एका वर्षाचेच. बिल माझ्या नावाने आलं, प्रिंट काढून फाइलला लावलं. कंपनीने एसएसएल सर्टिफिकेटही वेगळं विकायला काढलं होतं, ते घेतलं नाही. लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं, ९० दिवसांचं, सर्व्हर आपोआप नवं करतो. आपल्यासारख्या साइटला ते पुरेसं आहे, पैसे मोजायचं कारण नाही.

६ डिसेंबर
डोमेन नव्या जागेकडे वळवलं, म्हणजे नेमसर्व्हर बदलले. माझ्या मोबाइलवर साइट दिसते, ह्यांच्या मोबाइलवर "सापडत नाही". नेटवर्क वेगळं. जुना पत्ता प्रत्येक नेटवर्कने आपापल्याकडे जपून ठेवलेला असतो, तो मुदत संपेपर्यंत सोडत नाही. थांबायचं.

७ डिसेंबर
ह्यांच्याकडेही दिसली. पांढरं पान, वर सर्टिफिकेटचं कुलूप.

९ डिसेंबर
स्मरणिकेची सीडी उघडली. मजकूर जुन्या डीटीपी फाँटमधला, युनिकोडच्या आधीचा. साइटवर चिकटवला तर मराठी नाहीच: रोमन अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं. कॉम्प्युटरला ती मराठी कधी माहीतच नव्हती, फक्त फाँटमुळे तशी दिसत होती. अशा किती स्मरणिका, किती गावांचे इतिहास, किती पोथ्या पडून असतील महाराष्ट्रभर. डीटीपीवाला दुकान बंद करील, फाँट जाईल, मजकूर असून नसल्यासारखा.

कन्व्हर्टरमधून काढला. बहुतेक आला. ऱ्हस्व वेलांटी एकेक अक्षर पुढे सरकलेली, रफार भलत्याच डोक्यावर. 'मूर्तिजापूर' तर प्रत्येक वेळी मोडलेलं.

१० डिसेंबर
वेलांट्या.

११ डिसेंबर
वेलांट्या. डोळे चुरचुरतात.

१४ डिसेंबर
पहिलं पान लावलं. जुन्या पॉइंट्समनचं बोलणं, त्यांच्याच शब्दांत: "इंजिनाले पानी पाजाले येळ लागे. तवरीक लोकं खाली उतरून शेंगा खात. कोनी घाई नाई करे." १५ एप्रिल १९९४ ला वाफेचं इंजिन काढलं, डिझेल आलं. त्यावर ते जास्त बोलत नाहीत.

१५ डिसेंबर
पॉइंट्समन दादाजींच्या घरी गेले. विचारल्याशिवाय फोटो टाकायचा नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं. नातवाच्या मोबाइलवर पान उघडून दिलं. त्यांनी अंगठ्याने फोटो वर-खाली केला, मोठा केला, इंजिनाच्या चिमणीपाशी थांबले.
"कुठी ठेवेल हाय हे?"
"मुंबईला, दादाजी. तिथल्या मशीनवर."
"मंग आपल्या इथं काहून नाई?"

सांगितलं: मशीन रात्रंदिवस चालू लागतं. पहिला वेब सर्व्हर स्वित्झर्लंडमधल्या सर्न संस्थेत होता, टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावर. त्यावर लाल शाईने चिठ्ठी होती, हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका. आमच्या परतवाड्यात अशी चिठ्ठी लावून काय उपयोग, लाइटच जाते. शिवाय घरच्या इंटरनेटला कायमचा पत्ताही नसतो.

त्यांना पटलं असं वाटलं नाही. "इथं लाकडाचा डेपो होऊ शकते एवढा मोठा, अन् एक मशीन नाई होत?"

उत्तर नव्हतं. प्रश्न रास्त आहे.

फोटोला परवानगी दिली. अक्षर मोठं करायला सांगितलं. घरी येऊन केलं, १८ पिक्सेल.

२० डिसेंबर
बहिरमची यात्रा लागली. जयस्तंभ चौकात गर्दी, स्टँडवर पाय ठेवायला जागा नाही. थंडी कडक.

२१ डिसेंबर
जुनी बातमी वाचली. १० मार्च २०२१. स्ट्रासबूर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत गेली. लाखो साइटी एका रात्रीत बंद. काहींचे बॅकअपही त्याच आवारात होते, तेही गेले. वाचून झोप आली नाही. माझ्या कंपनीचं उत्तर वहीत लिहिलेलं आहे: त्याच डेटा सेंटरमध्ये.

२२ डिसेंबर
पूर्ण बॅकअप उतरवला, फायली आणि डेटाबेस दोन्ही. एक प्रत हार्ड डिस्कवर कपाटात, एक भाच्याकडे पुण्याला. यापुढे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी.

२३ डिसेंबर
बॅकअप नुसता ठेवून भागत नाही, उघडतो का ते पाहायला हवं. भाच्याने त्याच्या लॅपटॉपवर रिकाम्या वर्डप्रेसमध्ये चढवला. तिकिटं आली, फोटो आले, दादाजींचं पान आलं. "मावशी, कंपनी उद्या बुडाली तरी संध्याकाळपर्यंत दुसरीकडे उभं करतो."

आज स्वयंपाकात मन लागलं.

३० डिसेंबर
कोणीतरी रात्रभर लॉग-इन पानावर पासवर्ड मारून बघत होतं. शेकडो वेळा. आपल्या छोट्या साइटशी कोणाचं वैर? भाचा म्हणतो, माणूस नाही, यंत्र आहे, सगळ्यांचीच दारं ठोठावत फिरतं. पासवर्ड लांबलचक केला, मोबाइलवर कोड येईल असं केलं, न लागणारे प्लगइन काढून टाकले. अपडेट आली की त्याच दिवशी.

४ जानेवारी
महिन्याचा पहिला रविवार. बॅकअप.

काल नववीच्या मुलांना संगणक कक्षात साइट दाखवली. एका मुलीने विचारलं, बाई, माझ्या आजीच्या गावाची करता येईल? नाव वेगळं, जागा वेगळी, तिथून सुरुवात केली. फळ्यावर दुसऱ्या वर्षाचा दर लिहिला. मुलांनी १८ टक्के स्वतः लावून पाहिले.

९ जानेवारी
नागपूरहून अनोळखी माणसाचा मेल. त्यांचे वडील याच लायनीवर बनोशाला स्टेशन मास्तर होते. फलाटावरचा फोटो जोडलाय, वडील उभे, शेजारी वजनकाटा. मूळ फोटो चार एमबीचा. साइटवर लहान करून टाकला, मूळ हार्ड डिस्कवर ठेवला.

१४ जानेवारी
डोमेन नूतनीकरणाची तारीख, होस्टिंगची तारीख, दोन्ही खात्यांची नावं, वहीच्या शेवटच्या पानावर. पासवर्ड वेगळ्या पाकिटात. शाळेतल्या धाकट्या बाईंना दाखवून ठेवलं, तिळगूळ द्यायला आल्या तेव्हा.

अंजनगावहून निरोप: घरात गार्डचा कंदील आणि एक वेळापत्रक निघालंय, वेळापत्रक फाटायला आलंय, लवकर या. रविवारी जाते. स्कॅनर बरोबर घ्यायचा, एक्स्टेंशन बोर्डही.