मनाच्या मंजुरीवाचून

शस्त्रक्रियेनंतर शरीर दुखते हे सर्वांस ठाऊक असते. मन रुसते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. 2022 साली, वयाच्या 64व्या वर्षी, आमच्या हृदयावर बायपास शस्त्रक्रिया झाली. छातीचे हाड तारांनी सांधलेले, पायातील शीर काढून घेतलेली. ही दुखणी दिवसागणिक ओसरत गेली. उत्साह मात्र परतण्याचे नाव घेईना. सूचनापत्रात ‘रोज चालावे’ असे छापले होते. चालण्याची इच्छा कोठून आणावी, ह्याविषयी एक अक्षरही नव्हते.

आम्ही चौतीस वर्षे राज्य सरकारची चाकरी केली. कचेरीची वेळ झाली की माणूस इच्छा असो वा नसो, उठतो. कामाची गोडी खुर्चीवर बसल्यानंतर लागते. हाच नियम आम्ही आजारपणास लावला. मनाच्या मंजुरीसाठी प्रकरण अडकवून ठेवावयाचे नाही! आरंभी ओटीपासून स्वयंपाकघरापर्यंत पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या, दिवसातून चार वेळा. पुढे दर एक-दोन दिवसांनी एक मिनिट अधिक. चालताना सहज बोलता यावे एवढाच वेग. छातीत कळ वा घेरी आली की तेथेच थांबावयाचे. मिनिटांचा आकडा कालनिर्णयाच्या चौकटीत लिहावयाचा.

आमचे बडोदे हे व्यायामाचे गाव. दांडिया बाजारात प्रा. माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाममंदिर नावारूपास आणले. अशा गावात आम्ही विजेचे खांब मोजीत चालत होतो, ह्याची प्रथम लाज वाटे. परंतु आखाड्यातही बैठका एकापासूनच मोजतात, हे ध्यानी आले आणि संकोच गेला. तीन महिन्यांनी सूरसागर गाठला. पुढे सयाजीबागेच्या दाराशी उभा असलेला काळा घोडा.

मध्यंतरी तापाने आठ दिवस गेले. तेव्हा पूर्वीचा आकडा न धरता निम्म्यावरून आरंभ केला. गुडघे दुखत असताही आमच्या सौभाग्यवती सोबत येत. कोपऱ्यावरचा भाजीवाला विचारी, “काका, आजे मोडुं थयुं?” कोणीतरी आपली वाट पाहते, ह्या जाणिवेने पाय जितके हलले, तितके उपदेशाने हलले नाहीत.

आज आम्ही चाळीस मिनिटे चालतो. भीती पुरती गेलेली नाही, सकाळचा आळसही आहेच. पण पायांत चपला चढल्या की दोघेही मागे राहतात. खिन्नता आठवड्यांमागून आठवडे टिकली, तर मात्र ती हट्टाने न रेटता डॉक्टरांस सांगावी. तीही दुखण्याचाच भाग असते.

वाचकहो, आपल्या घरी कोणी दुखण्यातून उठत असेल, तर ‘बरे वाटते का?’ असे वारंवार विचारू नये. त्यास उत्तर देणे कठीण जाते. ‘आज किती चालायचे? मीही येतो,’ असे म्हणावे आणि दाराशी उभे राहावे.